उपास, कमी झालेले रक्त आणि मनातील अपराधीपण: देहाची काळजी घेणे हा विश्वासाचा भाग मानावा का?

रंगावलीकाठची शिक्षिका (नवापूर तालुका) यांचा प्रश्न

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

मी नवापूर तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि आश्रमशाळेत शिकवते. माझे वय ४३ आहे. गेली १४ वर्षे आमच्या मंडळीतील मुलांची रविवारची शाळा, बुधवारची स्त्रियांची प्रार्थना आणि शुक्रवारची उपास-प्रार्थना या तिन्ही गोष्टी माझ्याकडे आहेत. घरी सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहेत, यजमान ट्रकवर असल्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस बाहेर असतात आणि थोरली मुलगी यंदा बारावीला आहे. हे मी गाऱ्हाणे म्हणून लिहीत नाही. प्रश्न नीट समजावा एवढ्यासाठी लिहीत आहे.

मागच्या महिन्यात उपासनेत गीतासाठी उभी असताना मला भोवळ आली. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ७.९ निघाले. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, तीन महिने उपास बंद ठेवण्यास सांगितले आणि रात्रीची झोप मोडू नका असे बजावले. त्याप्रमाणे मी शुक्रवारी सकाळी भाकरी खाऊन प्रार्थनेला जाऊ लागले, रात्रभराच्या जागरणाच्या प्रार्थनेला गेले नाही, आणि रविवारी उपासनेनंतर दुपारी दार लावून दोन तास झोपू लागले. एवढ्यावरून कुजबुज सुरू झाली. मंडळीतील एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला प्रेमानेच समजावले की देह मातीचा आहे, तो झिजला तर झिजू द्यावा, आत्मा सांभाळावा. प्रभूने वधस्तंभ उचलायला सांगितले आहे, उशी उचलायला नव्हे.

त्यांच्या बोलण्याचा मला राग आला नाही, आणि खरे सांगायचे तर तीच माझी अडचण आहे. त्यांचे बोलणे मला आतून पटते. दुपारी झोपताना मी प्रभूचा वेळ चोरत आहे असे वाटते, आणि झोप लागण्याऐवजी डोळ्यांना पाणी लागते. दुसरीकडे, आपण मंडळीत 'शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे' हे वचन मुलांकडून पाठ करून घेतो, मग त्या मंदिराची डागडुजी करणे पाप कसे, असेही मनात येते. स्वतःची काळजी घेणे हा विश्वासाचाच एक आविष्कार आहे असे म्हणता येईल का, की ती आपण आपल्या सोयीसाठी काढलेली पळवाट आहे? कृपया वचनाच्या आधारे उत्तर द्यावे, नुसते बरे वाटावे म्हणून देऊ नये.

निवृत्त पाळक, धुळे

ताई, आपण शेवटच्या वाक्यात जी अट घातली आहे ती मला फार आवडली, म्हणून सविस्तर लिहितो.

१ राजे, अध्याय १९ सावकाश वाचावा. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि आता पुरे, माझा प्राण घे, असे देवाला म्हणतो. या माणसाला देव काय उत्तर देतो? उपदेश करत नाही, त्याच्या अल्पविश्वासाबद्दल दटावत नाही, त्याने मागितलेले मरणही देत नाही. एलीया झोपतो. दूत त्याला स्पर्श करून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे पात्र असते. तो खातो आणि पुन्हा झोपतो, तरीही दूत त्याला आळशी म्हणत नाही. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घालतो आणि कारण सांगतो की पुढचा प्रवास तुझ्या शक्तीबाहेरचा आहे. 'एलीया, तू येथे काय करतोस?' हा प्रश्न देव विचारतो खरा, पण तो होरेब डोंगरावर पोहोचल्यानंतर, म्हणजे दोन वेळचे जेवण, दोन वेळची झोप आणि ४० दिवसांची वाट झाल्यानंतर. चाळीस दिवसांच्या उपासाची उदाहरणे देताना आपण एलीयाचे नाव हमखास घेतो, पण त्या चाळीस दिवसांच्या आधीची भाकर मात्र सांगायची राहून जाते. पाळकपदाच्या ३१ वर्षांत मीही ती कधी सांगितली नाही, हे कबूल करतो.

आता 'मंदिर' या वचनाविषयी. १ करिंथ ६ मध्ये पौल आरोग्याविषयी बोलत नाही, जारकर्माविषयी बोलत आहे. म्हणून त्या वचनातून थेट 'व्यायाम करा, फळे खा' असा अर्थ काढणे हे ओढूनताणून होईल. परंतु त्याने दिलेले कारण व्यापक आहे. तुम्ही स्वतःचे नाही, मोल देऊन विकत घेतलेले आहात, असे तो म्हणतो. हे वाक्य दोन्ही बाजूंनी कापते. देह माझा आहे, म्हणून मी त्याचे हवे ते लाड करीन, असे मला म्हणता येत नाही. आणि देह माझा आहे, म्हणून मी तो हवा तसा झिजवीन, असेही म्हणता येत नाही. आपल्या बायबलात 'कारभारी' हा जो शब्द येतो तो येथे ध्यानात घ्यावा. धान्याची कोठी कारभाऱ्याच्या मालकीची नसते, म्हणूनच तो ती उंदरांना खाऊ देत नाही. आपण दुपारी झोपता तेव्हा प्रभूचा वेळ चोरत नाही. प्रभूची वस्तू सांभाळता.

त्या ज्येष्ठ गृहस्थांनी उशीचा उल्लेख केला म्हणून एक आठवण करून द्यावीशी वाटते. मार्क ४:३८ मध्ये वादळ चालू असताना प्रभू नावेच्या मागच्या भागात झोपलेला आहे, आणि कशावर, तर उशीवर. मार्काने हा बारीकसा तपशील का नोंदवला असेल यावर मी अनेकदा विचार केला आहे.

भुसावळचा एक जुना रेल्वे कर्मचारी

पाळकसाहेबांचा आदर राखून माझे वेगळे मत मांडतो, कारण चर्चा एकाच बाजूला कलत आहे.

हल्ली मोठ्या शहरांतील मंडळ्यांमध्ये 'सेल्फ-केअर' नावाने शिबिरे भरतात. ती हिलस्टेशनवर असतात, त्यांना फी असते आणि तेथून परतलेली माणसे 'मला माझ्या मर्यादा जपायच्या आहेत' असे म्हणून आजाऱ्याला भेटायला जाणे टाळतात. माझी आई बायबल-स्त्री, म्हणजे घरोघर जाऊन वचन सांगणारी सेविका होती. चैत्र-वैशाखाच्या उन्हात, जेव्हा आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, ती पायी खेडोपाडी जाई. तिला कोणी विसावा घे म्हटले असते तर तिला हसू आले असते. मार्क ६ मध्ये प्रभू शिष्यांना 'एकांती चला आणि थोडा विसावा घ्या' असे म्हणतो हे खरे आहे, पण पुढच्याच ओळींत लोक तेथेही येतात, प्रभूला त्यांचा कळवळा येतो आणि विसावा तेथेच संपतो. फिलिप्पै २ मधील पौलाचा सहकारी एपफ्रदीत ख्रिस्ताच्या कामासाठी जिवावर उदार झाला, म्हणून पौल त्याचा मान राखायला सांगतो. तो वेळेवर झोपत होता म्हणून नव्हे.

ताईंनी औषध घेऊ नये असे मी म्हणत नाही. ७.९ म्हणजे थट्टा नव्हे. पण गरज म्हणून घेतलेली विश्रांती वेगळी आणि विश्रांतीलाच विश्वासाचा आविष्कार म्हणून मखरात बसवणे वेगळे. पहिल्याला माझी हरकत नाही, दुसऱ्याला आहे.

परिचारिका, नंदुरबार

ताई, वचनाविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही. रक्ताविषयी बोलते.

स्त्रीचे हिमोग्लोबिन साधारणपणे १२ च्या वर असायला हवे आणि ८ च्या खाली गेले की तो तीव्र रक्तक्षय समजला जातो. अशा वेळी हृदयाला तेच थोडे रक्त पुन्हा पुन्हा वेगाने फिरवावे लागते. उभे राहिल्यावर भोवळ येणे, जिना चढताना धाप लागणे, कानात धडधड ऐकू येणे हे त्यामुळे होते. याला अशक्त विश्वास म्हणता येणार नाही.

मला आपल्याला एक प्रश्न विचारायचा आहे: सिकलसेलची तपासणी झाली आहे का? आपल्या भागातील आदिवासी समाजात हा तांबड्या रक्तपेशींचा आजार बराच आढळतो आणि तो आईवडिलांकडून येतो. दोघेही वाहक (म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजाराचा दोष मुलांना देऊ शकणारे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के असते, वाहक असण्याची ५० टक्के. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची जी मोहीम सुरू केली आहे तिच्यात ही तपासणी केली जाते. ती झाली नसेल तर लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवण्यापूर्वी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे, कारण सिकलसेलच्या रुग्णाला, विशेषतः वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाला, शरीरात लोह आधीच जास्त साठलेले असू शकते.

आणि उपासाविषयी हे सर्व मंडळ्यांनी ऐकावे असे मला कळकळीने वाटते. सिकलसेलच्या रुग्णाच्या अंगातले पाणी कमी झाले की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या आणि ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फोडल्यासारख्या वेदना सुरू होतात. निर्जळी उपास, उन्हाळा आणि रात्रीचे जागरण हे तिन्ही एका शुक्रवारी जमून आले की शनिवारी पहाटे वॉर्डात खाट लागते. मी अशी मुले पाहिली आहेत. त्यांच्यातील एकाला मी विचारले की पाणी का नाही प्यालास, तर तो म्हणाला की सगळे उपाशी होते, मी एकटा कसा पिणार. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने डॉक्टरांना न विचारता उपास धरणेही असेच धोक्याचे आहे.

लोहाच्या गोळीबरोबर चहा घेऊ नये; चहात असणाऱ्या घटकांमुळे लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. एवढेच सांगते, कारण ड्यूटीची वेळ झाली आहे.

निवृत्त पाळक, धुळे

भुसावळच्या भाऊंचे मुद्दे वजनदार आहेत, आणि शिबिरांविषयी ते जे म्हणतात ते मीही पाहिले आहे. तरी एपफ्रदीताच्या गोष्टीतील २७ वे वचन त्यांच्याकडून सुटले. तो मरणाच्या दारी पोहोचला होता, पण देवाने त्याच्यावर दया केली, आणि केवळ त्याच्यावर नव्हे तर माझ्यावरही, दुःखावर दुःख मला होऊ नये म्हणून, असे पौल लिहितो. आपल्या सहकाऱ्याचे बरे होणे पौलाने स्वतःवरची दया म्हणून मोजले, आणि त्याला पुढच्या कामाला न जुंपता घरी पाठवले. एपफ्रदीताचा मान राखावा, हे खरेच. पण त्याला पुन्हा त्याच टोकाला नेणाऱ्या मंडळीचा मान राखावा, असे पौल कोठेही म्हणत नाही.

आणि मार्क ६ मध्ये विसावा मोडला तो प्रभूने स्वतः, कळवळ्याने. तेथे शिष्यांच्या झोपेवर कोणी कुजबुज केली नव्हती. शिवाय त्या पाच हजारांना जेवू घातल्यावर त्याने शिष्यांना लगेच नावेत बसवून पुढे पाठवले, लोकांना निरोप दिला आणि तो एकटाच डोंगरावर प्रार्थनेला गेला. पुढे ढकललेला एकांत त्याने रद्द केला नाही.

उपासाविषयी परिचारिका ताईंनी जे लिहिले त्यावर एक भर घालतो. मत्तय ६ मध्ये प्रभू उपास करणाऱ्याला डोक्याला तेल लाव आणि तोंड धू असे सांगतो. उपास दिसू नये हा त्यामागचा हेतू आहे. आमच्या मंडळ्यांत उपास इतका दिसू लागला आहे की पाणी पिणारे मूल तेवढे उठून दिसते. या एका मुद्द्यावर मला पाळक म्हणून लाज वाटते.

चोपडा तालुक्यातील एक बहीण

मी केळीच्या बागांत मजुरी करणाऱ्या बायांबरोबर काम करते. वरची चर्चा वाचून एक गोष्ट खटकली. सर्वजण ताईंनी झोपावे की नाही यावर बोलत आहेत; ताई झोपल्यावर सासूबाईंचे अंथरूण कोण बदलणार यावर कोणी बोलत नाही.

अनुवाद ५ मध्ये शब्बाथाची आज्ञा आहे. तेथे मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आतला उपरा अशी सगळी नावे घेतली आहेत, आणि कारण दिले आहे की तुझ्या दासाला आणि दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तूही मिसरात दास होतास. ही आज्ञा ज्याच्या हाताखाली माणसे आहेत त्याला दिलेली आहे. थकलेल्या दासीला 'तू स्वतःची काळजी घे' असे सांगून मोकळे होण्याची सोय तीत नाही. आमच्या बायांना रोजंदारी बुडवून विसावा घ्या असे सांगितले तर संध्याकाळी चूल पेटणार नाही. म्हणून 'स्वतःची काळजी' हा शब्द मला अपुरा वाटतो. यशया ५८ मध्ये देवाला न आवडलेला उपास कोणता, तर ज्या दिवशी तुम्ही आपल्या मजुरांना राबवून घेता तो. शुक्रवारी उपास धरणाऱ्या आणि त्याच दिवशी प्रार्थनेनंतरचा चहा, सतरंज्या, भांडी हे सारे एकाच बाईवर सोडणाऱ्या मंडळीने तो अध्याय मोठ्याने वाचावा.

निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसतो. त्याचा सासरा इथ्रो ते पाहून सांगतो की हे तू करतोस ते बरे नाही, तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. त्यावर तो मोशेला रजा घ्यायला सांगत नाही; हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेमायला सांगतो. (हे सांगणारा सासरा निघाला, याचे आम्हा बायकांना विशेष कौतुक वाटते.) ताई, १४ वर्षांत आपल्या हाताखाली शिकलेल्या मुली आता केवढ्या झाल्या असतील?

भुसावळचा एक जुना रेल्वे कर्मचारी

२७ वे वचन सुटले हे मान्य करतो. चोपड्याच्या बहिणीचे म्हणणेही मला पटते. 'आविष्कार' या शब्दाला माझी हरकत होती, वाटून घेतलेल्या ओझ्याला नाही.

आईविषयी मी अर्धेच लिहिले होते. ती खेड्यात शिरली की पहिल्या घरातली म्हातारी तिला अहिराणीत विचारी, "जेवनी का माय?" आणि उत्तराची वाट न पाहता ताट वाढे. आई ते ताट कधी नाकारत नसे, मग शास्त्र उघडे. ती विसावा मागत नव्हती हे खरे, पण तिला तो प्रत्येक दारात मिळत होता. ताईंना तो मिळत नसावा असे आता वाटते.

रंगावलीकाठची शिक्षिका (नवापूर तालुका)

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले याबद्दल मनापासून आभार. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण बऱ्याच गोष्टी मध्येच करायच्या होत्या.

सिकलसेलची तपासणी झाली. मला आजार नाही. मी वाहक आहे. डॉक्टरांच्या मते रक्त कमी होण्याचे कारण लोहाची कमतरताच आहे आणि गोळ्या चालू ठेवायच्या आहेत. चहा मात्र सुटता सुटत नाही; तो दोन तास पुढे ढकलला आहे. यजमान घरी आले की त्यांची आणि दोन्ही मुलांची तपासणी करणार आहोत. आमच्या मंडळीत लग्न ठरण्यापूर्वी पाळक जे समुपदेशन करतात त्यात या तपासणीचा विषय घ्यावा, अशी विनंती मी पाळकसाहेबांना केली आणि त्यांनी ती लगेच मान्य केली. शुक्रवारच्या प्रार्थनेत आता दाराशी पाण्याचा माठ असतो. पहिल्या शुक्रवारी त्याला कोणी हात लावला नाही. दुसऱ्या शुक्रवारी त्या ज्येष्ठ गृहस्थांनीच सर्वांसमोर पेला भरून घेतला. त्यांना मधुमेह आहे, हे मला त्या दिवशी कळले.

अपराधीपण पूर्ण गेले असे म्हणणार नाही. दुपारी दार लावताना अजून हात थबकतो. परंतु कारभाऱ्याच्या कोठीचे उदाहरण उपयोगी पडते, आणि रविवारी दुपारी शेजारची विधवा बाई सासूबाईंजवळ येऊन बसते, त्या बदल्यात मी तिच्या मुलाला गणित शिकवते.

चोपड्याच्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर: मुली १९ आणि २१ वर्षांच्या झाल्या आहेत, दोघीही माझ्याच वर्गात शिकलेल्या. येत्या रविवारपासून लहान मुलांची शाळा त्या घेतील आणि मी मागच्या बाकावर बसेन. पहिला पाठ त्यांनी स्वतः निवडला आहे: झुडपाखालचा एलीया. मुलांना दाखवण्यासाठी या पाठाचे मोठे चित्रतक्ते आमच्याकडे नाहीत; नंदुरबार किंवा धुळ्याकडे कोणत्या मंडळीत असतील तर कृपया येथे कळवावे, एसटीने मागवून घेऊ आणि परत पाठवू.